अपघात पाहणाऱ्याला शेवटचा सेकंदच दिसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते बारा वर्षांपासून रोज मोटारसायकल चालवतात. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांदेखत दोन स्वारांचा मृत्यू झाला. एक चौकात आडव्या आलेल्या मोटारीवर आदळून, तर दुसरा एका वळणावर एकटाच रस्त्याबाहेर जाऊन. ‘चूक त्यांचीच होती, तू नीट चालवतोस’ अशी मित्रांनी घातलेली समजूत त्यांना पटत नाही. गाडी सोडून द्यावी का, चालवायची तर काय बदलावे, त्या दोन्ही ठिकाणी आपण काय करायला हवे होते, आणि पहिल्या मृताचा भाऊ भेटायला येऊ म्हणतो आहे त्याला काय सांगावे, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

मी बावीस वर्षे रस्ते अपघातांची तांत्रिक तपासणी करत आलो आहे आणि त्यांपैकी जवळपास निम्मी वर्षे मोटारसायकलस्वारांना शिकवतो आहे, त्यामुळे हे चारही प्रश्न माझ्यासमोर या ना त्या रूपात आलेले आहेत. उत्तर तुमच्या क्रमाने देत नाही, कारण आधी मित्रांच्या त्या वाक्याचा निकाल लावणे मला आवश्यक वाटते.

‘चूक त्याचीच होती’ हे वाक्य मी जवळपास प्रत्येक अपघातस्थळी ऐकले आहे, कित्येकदा मृतदेह उचलण्याच्याही आधी. बोलणारा निर्दय असतो असे नाही. समोर पडलेला माणूस आपल्यासारखाच होता, आपल्याच वयाचा, आपल्यासारखीच गाडी चालवणारा, हे मनाला सोसत नाही. चूक त्याच्या पदरात टाकली की तो आपल्याहून वेगळा होतो आणि आपण सुरक्षित ठरतो. तुम्हाला ही समजूत पटली नाही, हे माझ्या दृष्टीने चांगले लक्षण आहे. चूक कोणाची हा न्यायालयाला आणि विमा कंपनीला पडणारा प्रश्न आहे आणि तिथे तो योग्यच आहे. ज्याला उद्या सकाळी त्याच रस्त्यावरून जायचे आहे त्याने विचारायचा प्रश्न निराळा आहे: वेळ कुठे गेली आणि अंतर कुठे गेले?

अपघात पाहणाऱ्याला शेवटचा सेकंद दिसतो, आणि बरेचदा तोही पूर्ण दिसत नाही, कारण आवाज झाल्यावर मान वळते. त्याआधीचे पाच-सहा सेकंद, ज्यांत निकाल जवळपास लागलेला असतो, ते रस्त्यावर आणि गाडीवर लिहिलेले राहतात. तुमच्या पहिल्या अपघाताशी मिळताजुळता एक अपघात मी तपासला होता, त्याचेच उदाहरण घेतो. चौकाच्या अलीकडे डांबरावर टायरचा काळा पट्टा होता, सतरा मीटर लांबीचा, शेवटी किंचित बाजूला गेलेला. तो एकाच चाकाचा होता, मागच्या. पुढच्या चाकाची पुसटशीही खूण नव्हती. हेडलाइटच्या फुटलेल्या बल्बमधील तार ताणून वेडीवाकडी झाली होती. तापलेली तारच अशी ताणली जाते, थंड तार तुकडा पडून तुटते, म्हणजे दिवा चालू होता. हेल्मेट दुभाजकाजवळ पडले होते आणि त्याला फारसा ओरखडाही नव्हता. पट्टी शाबूत होती, बक्कलही शाबूत होते. दोन्ही एकमेकांत अडकवलेलीच नव्हती.

तिथे उभे असलेले चार-पाच जण छातीठोकपणे सांगत होते की तो शंभरच्या वेगाने आला. पट्ट्याची लांबी आणि मोटारीच्या दाराला पडलेला खोलगट भाग यांवरून हिशेब केला तेव्हा वेग पन्नास ते साठच्या दरम्यान निघाला. ते लोक खोटे बोलत नव्हते. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरींच्या चित्रफिती दाखवून वेगाचा अंदाज विचारला होता. ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता’ असे ज्यांना विचारले त्यांनी सरासरी ताशी सुमारे ३२ मैल सांगितला, आणि ‘गाड्या एकमेकींवर धाडकन आदळल्या तेव्हा’ असे ज्यांना विचारले त्यांनी सुमारे ४१ मैल. चित्रफिती त्याच होत्या, बदलले होते ते क्रियापद. पुढच्या प्रयोगात जोरदार क्रियापद ऐकलेल्यांपैकी अधिक जणांना आठवड्यानंतर फुटलेल्या काचा आठवल्या, आणि चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. प्रचंड आवाज आणि रक्त पाहिलेल्या माणसाची आठवण वेग वाढवून सांगते ती याच कारणाने. तुमच्या मनात जे चित्र वारंवार येते आहे, त्याकडेही या सावधपणाने पाहावे.

त्या सतरा मीटरांत खरी गोष्ट आहे. मागचे चाक जाम करून घसरत जाणारी मोटारसायकल फार हळू वेग टाकते, कारण ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे सरकते आणि मागचे चाक हलके होते. कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर वेग ज्या झपाट्याने कमी होतो, त्याच्या निम्म्याच झपाट्याने तो नुसत्या मागच्या ब्रेकने कमी होतो. त्या स्वाराने तेवढ्याच अंतरात पुढचा ब्रेकही पूर्ण वापरला असता, तर तो मोटारीजवळ जवळपास थांबला असता. फार तर दार चेपले असते आणि रस्त्यावर दोघांची बाचाबाची झाली असती. मोटारचालक चुकला होता, यात शंका नाही. त्याने रस्ता अडवला. पण मृत्यू त्या चुकीला जोडून आलेल्या दुसऱ्या एका गोष्टीने झाला: स्वाराच्या उजव्या हाताला पुढच्या ब्रेकची सवय नव्हती. त्याला कोणीतरी कधीतरी सांगितले असणार की पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील.

हा एकट्याचा दोष नव्हे. हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली, तिचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. मागचा ब्रेक जास्त आणि पुढचा फारच कमी, हेच बहुतेक स्वारांनी केल्याचे त्यात आढळले. धोका लक्षात आल्यापासून टक्कर होईपर्यंत सर्वसाधारणपणे दोन सेकंदही हाती नव्हते. आणखी एक आकडा मी प्रत्येक वर्गात सांगतो: अपघाताआधीचा मध्यक वेग ताशी सुमारे ४८ किलोमीटर होता. म्हणजे यांतील निम्मे लोक त्याहून हळू चालले होते. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन-तृतीयांश टकरींत आधी जाण्याचा हक्क मोटारसायकलचा होता आणि तो दुसऱ्या चालकाने मोडला होता. पुढे युरोपातील पाच देशांत ९२१ अपघातांचा असाच अभ्यास झाला, तेव्हाही निम्म्या अपघातांत मुख्य कारण दुसऱ्या वाहनाच्या चालकाची चूक हेच निघाले, आणि त्या चुकांपैकी ७० टक्क्यांहून अधिक चुका मोटारसायकल लक्षात न येण्याच्या होत्या.

‘मला तो दिसलाच नाही’ हे मोटारचालकाचे म्हणणे ऐकून आपला संताप होतो. बहुतेकदा ते खरे असते. डावीकडून उजवीकडे नजर फिरवताना डोळा सरळ रेषेत सरकत नाही, तो उड्या मारतो, आणि उडीच्या काळात मेंदू जवळपास काहीच पाहत नाही. तरीही सगळा रस्ता पाहिल्याची भावना मात्र पक्की असते. समोरून येणारी मोटारसायकल अरुंद असल्याने अशा दोन उड्यांच्या मध्ये सहज हरवते. त्यातून ती दिसली तरी लहान वस्तू दूर आणि हळू वाटते, त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ असा अंदाज बांधून चालक गाडी पुढे घेतो. तिसरी अडचण भूमितीची आहे. दोन वाहने टक्कर होईल अशाच वेगांनी एका बिंदूकडे येत असतील, तर एकाला दुसरे कायम त्याच कोनात दिसते. ते सरकत नाही, म्हणून नजरेत भरत नाही, आणि त्या कोनात मोटारीच्या समोरच्या काचेचा खांब आला तर अखेरपर्यंत त्या खांबाआडच राहते.

हे एकदा समजले की चौकाकडे येण्याची पद्धत आपोआप बदलते. आडव्या रस्त्यावर थांबलेल्या मोटारीच्या चालकाचा चेहरा पाहू नका. नजरानजर झाली म्हणजे त्याने आपल्याला पाहिले, हा समज अनेकांना महागात पडला आहे. पुढचे चाक पाहा. चालकाच्या मनात काय आहे ते चाक आधी सांगते. ते हलू लागले की ती मोटार निघाली असे धरा. आपल्या मार्गिकेतच हात-दोन हात बाजूला सरकलात तर तो स्थिर कोन मोडतो आणि तुम्ही खांबाआडून बाहेर येता. अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडा आणि दोन बोटे पुढच्या ब्रेकच्या दांडीवर ठेवा. ताशी ६० किलोमीटर वेगाला सेकंदाच्या दहाव्या भागात गाडी जवळपास पावणेदोन मीटर जाते. मुठीवरची बोटे उचलून दांडीपर्यंत नेण्यात यातले किती मीटर खर्च होतात, हे एकदा मोकळ्या जागी मोजून पाहा.

वेगाबद्दल सगळे बोलतात म्हणून कोणी ऐकत नाही. मी वर्गात फळ्यावर एकच गणित मांडतो. दोन स्वार शेजारीशेजारी आहेत, एक ताशी ६० वर, एक ८० वर. दोघांनाही एकाच क्षणी अडथळा दिसला, दोघांनीही दीड सेकंदात ब्रेक लावला, दोघांचेही ब्रेक सारखेच चांगले लागले. पहिल्याचे २५ मीटर ब्रेक लागेपर्यंत गेले आणि ब्रेक लागल्यावर सुमारे २० मीटरांत तो थांबला, म्हणजे एकूण ४५ मीटर. दुसऱ्याचे ब्रेक लागेपर्यंतच ३३ मीटर गेले. पहिला जिथे थांबला त्या ठिकाणी दुसऱ्याचा वेग किती असेल, असे विचारले की बहुतेक जण वीस सांगतात, धीट असेल तो तीस सांगतो. उत्तर सुमारे ६५ आहे. ज्या जागी एक जण पाय टेकून उभा आहे, त्याच जागी दुसरा ताशी ६५ किलोमीटर वेगाने आदळतो, आणि दोघांमधला फरक घरून निघताना अवघा वीसचा होता. हे गणित ज्याला कळते त्याला पुढे वेगाबद्दल सांगावे लागत नाही; ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नसतो, असा माझा थोडासा निराश अनुभव आहे.

पुढच्या ब्रेकची सवय मात्र लावता येते, आणि तुम्ही बारा वर्षे चालवत असूनही ती तुम्हाला असेलच असे मी गृहीत धरणार नाही, कारण रोजच्या चालवण्यात पूर्ण जोराचा ब्रेक वर्षातून एखाद्या वेळीच लागतो. एखादे रिकामे, कोरडे, पक्के मैदान शोधा. हेल्मेट, हातमोजे, जाड कपडे आणि बूट घालून, गाडी पूर्ण सरळ ठेवून, ताशी ३० पासून सुरुवात करा. ब्रेकची दांडी झटक्याने ओढायची नाही, ओला कपडा पिळावा तशी ती वाढत्या जोराने आवळायची. सुरुवातीच्या क्षणी वजन पुढच्या टायरवर येऊन बसते, टायर रस्त्यावर दाबला जातो, आणि मग तोच टायर दुप्पट जोर पेलतो. याच्या आधीच झटका दिला तर चाक जाम होऊन गाडी घसरते, आणि ‘पुढचा ब्रेक वाईट’ ही समजूत जन्माला येते. चाक जाम न होऊ देणारी एबीएस प्रणाली गाडीत असेल तर फारच उत्तम, आणि नवी गाडी घेताना रंग आणि आवाज यांच्याआधी मी तीच पाहीन. पण ती असूनही अर्धाच ब्रेक लावणारे स्वार मी पाहिले आहेत, कारण हाताला जोर लावण्याची परवानगी मनाने दिलेली नसते. पंधरा-वीस वेळा करा, मग ४०, मग ५०. तीन महिन्यांनी पुन्हा करा.

दुसऱ्या अपघाताचे चित्र तुम्ही एका ओळीत लिहिले आहे: ‘तो वळलाच नाही, सरळ गेला.’ वळणावरच्या मृत्यूंत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता मी आधी टायर पाहतो. टायरच्या मधल्या भागाची नक्षी झिजलेली असते आणि कडेचे दोन बोटांचे रबर नवेकोरे असते. अगदी त्या दिवशीच्या वळणावरही ते रस्त्याला लागलेले नसते. म्हणजे गाडी आणखी झुकू शकत होती, वळण पार करू शकत होती. स्वार घाबरला, त्याची नजर ज्या कठड्याची भीती वाटत होती त्या कठड्यावर खिळली, हात आखडले, आणि गाडी नजरेच्या मागे गेली. चालत्या मोटारसायकलीला डावीकडे वळवायचे तर डावी मूठ पुढे ढकलावी लागते, उजवीकडे वळवायचे तर उजवी. नेहमीच्या वळणांत आपण हे नकळत करतो, पण जे नकळत होते ते संकटात हाताशी राहत नाही. मूठ जाणीवपूर्वक ढकलून गाडी कशी झुकते ते मोकळ्या सरळ रस्त्यावर, मध्यम वेगात अनुभवा. वळणात शिरण्याआधीच वेग कमी करा आणि मान वळवून जिथे बाहेर पडायचे आहे तिकडे पाहा. त्या कठड्याविषयीही एक गोष्ट सांगायला हवी: मोटारी थोपवण्यासाठी उभारलेल्या लोखंडी कठड्यांचे खांब घसरत आलेल्या माणसासाठी कुऱ्हाडीच्या पात्यासारखे असतात. खालच्या मोकळ्या जागेत आणखी एक पट्टी बसवली तर घसरणारा माणूस खांबावर जात नाही. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘शून्य मृत्यू’ हे धोरण स्वीकारले त्यामागचा विचार हाच होता की माणूस चुकणारच, चुकीची शिक्षा मृत्यू असू नये याची काळजी रस्ता बांधणाऱ्यानेही घ्यायची आहे. तो कठडा तसाच असेल तर संबंधित कार्यालयाला छायाचित्रासह पत्र लिहा. प्रत्यक्षदर्शीच्या पत्राला थोडे अधिक वजन असते.

हेल्मेटबद्दल वाद घालण्याची माझी तयारी नाही, पण ते काय करू शकते आणि काय नाही हे माहीत असावे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले ब्रिटिश सैनिक आणि लेखक टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकले गेले आणि सहा दिवसांनी वारले; डोक्यावर काही नव्हते. त्यांना पाहणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यचिकित्सक होते. पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश लष्कराने आपल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये ती सक्ती यायला १९७३ साल उजाडले. केर्न्स त्याच्या एकवीस वर्षे आधीच गेले होते. आज उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की अपघात झाल्यास हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

यातील काम करणारा भाग म्हणजे आतला, थर्मोकोलसारखा दिसणारा थर. तो चिरडतो आणि त्या दोन-तीन सेंटिमीटर चिरडण्यात डोक्याला थांबायला जागा मिळते. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून आदळलेले हेल्मेट बाहेरून कितीही चांगले दिसले तरी टाकून द्यायचे. बसलेल्या उंचीवरून, समजा दीड मीटरवरून, डोके नुसते रस्त्यावर पडले तरी ते ताशी सुमारे १९ किलोमीटरने आदळते, आणि उघड्या डोक्याला तेवढे पुरते. युरोपीय मानकाच्या वर्षानुवर्षे वापरात असलेल्या चाचणीत हेल्मेट ताशी २७ किलोमीटर वेगाने आपटले जात असे. म्हणजे रस्त्यावर आपटणाऱ्या डोक्यासाठी ते उत्तम आहे. ८० च्या वेगाने खांबावर जाणाऱ्या डोक्याला ते वाचवेल अशी अपेक्षा धरू नये. आणि पट्टी. हनुवटीखाली दोन बोटे जेमतेम जातील इतकी घट्ट. न बांधलेले हेल्मेट पहिल्या धक्क्यातच निघून जाते, त्या दुभाजकाजवळच्या हेल्मेटसारखे. दारू पिऊन चालवण्याबद्दल मी काही लिहीत नाही. तुम्ही तसा प्रश्न विचारलेला नाही आणि त्यात समजावून सांगण्यासारखे काही नाही.

तुम्ही तिथे काय करायला हवे होते? पहिल्या वेळी तुम्ही धावत गेलात, दुसऱ्या वेळी पाय हलले नाहीत, आणि याची तुम्हाला लाज वाटते असे लिहिले आहे. लाज बाळगू नका; थिजून जाणे ही शरीराची तितकीच नैसर्गिक प्रतिक्रिया आहे, आणि तिच्यावर उपाय एकच, क्रम पाठ असणे. पहिले काम मागून येणारी वाहने थांबवणे, कारण दुसरी टक्कर मदत करणाऱ्यांनाच मारते. एका माणसाकडे बोट दाखवून त्याला बऱ्याच अंतरावर उभे करा. ‘कोणीतरी जा’ म्हटले की कोणीच जात नाही. दुसऱ्याला रुग्णवाहिकेला फोन करायला सांगा. गाडीची किल्ली बंद करा. मग जखमीकडे या. श्वास चालू असेल आणि रस्ता सुरक्षित असेल तर त्याला उचलू नका, बसवू नका, तोंडात पाणी घालू नका. डोके आणि मान आहे त्या रेषेत दोन्ही हातांनी धरून ठेवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जोरात दाबून धरा आणि पाहण्यासाठी मध्येच काढू नका. हेल्मेट काढू नये हा नियम बरोबर आहे, पण श्वास अडकला असेल तर काढावेच लागते: एकाने मान आणि जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्याने कडा फाकवून सावकाश ओढायचे. श्वास नसेल, किंवा अधूनमधून आचके येत असतील, तर छातीच्या मध्यभागी पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्या. हे वाचून येत नाही. प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग करा. माझ्या पाहण्यात आहे की असा वर्ग केलेल्यांचे पाय सहसा थिजत नाहीत.

आता गाडी सोडण्याविषयी. मोटारसायकल धोक्याची आहे. ती नीट चालवली तर सुरक्षित असते, असे मी कोणालाही सांगत नाही, कारण मी तपासलेल्या काही अपघातांत स्वाराने सगळे बरोबर केले होते. धोका पुष्कळ कमी करता येतो, शून्य करता येत नाही, आणि उरलेला धोका पत्करायचा की नाही हा निर्णय तुमचा आणि तुमच्या घरच्यांचा आहे. मी फक्त इतके सांगेन की तो या महिन्यात घेऊ नका. अपघात पाहिल्यानंतर काही आठवडे झोप उडणे, ब्रेकच्या आवाजाने दचकणे, तेच चित्र डोळ्यांसमोर येणे हे बहुतेकांना होते आणि हळूहळू ओसरते. तुमचा दुसरा अपघात होऊन पाच महिने झाले आणि चौक आला की हात अजून थरथरतात असे तुम्ही लिहिता. महिन्याहून अधिक काळ हे टिकले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे असते, आणि यावर परिणामकारक उपचार आहेत. तोवर दुचाकी ठेवून द्या. थरथरणारा हात ब्रेक पिळू शकत नाही, हे कारण इतर सगळ्या कारणांइतकेच पुरेसे आहे. मीसुद्धा एका अपघाताच्या तपासणीनंतर सात आठवडे गाडीला हात लावला नव्हता. नंतर पुन्हा चालवू लागलो, पण रात्रीच्या लांबच्या प्रवासाला मी कायमची रजा दिली, आणि तिचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

मृताच्या भावाला भेटा. जी माणसे अशी भेट मागतात त्यांना तपशील हवे असतात, आणि ते तपशील देऊ शकणारे तुम्ही कदाचित एकटेच आहात. भेटण्याआधी तुम्हाला जे आठवते ते एका कागदावर लिहा आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: हे मी पाहिले, हे मी ऐकले, हे मला नंतर कोणी सांगितले, हा माझा अंदाज. त्याला फक्त पहिल्या दोन प्रकारचे सांगा. वेग विचारला तर सांगता येत नाही म्हणा, कारण खरोखरच सांगता येत नाही. चूक कोणाची असे विचारले तर ते तपासणी करणाऱ्यांवर सोडा. तुमच्या अंदाजाचे एक वाक्य त्याच्या घरात वर्षानुवर्षे राहील. आणि तो अखेरीस, बहुधा उठता उठता, विचारेल की त्याला फार त्रास झाला का, तो काही बोलला का. तुम्ही लिहिले आहे की तुम्ही पोहोचलात तेव्हा तो बेशुद्ध होता, हाकेला उत्तर देत नव्हता, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तुम्ही त्याचे डोके धरून बसला होतात. तेवढेच सांगा.